भाऊने घासलेली चाकं

धुळ्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, "नाना, भाऊ गेला, निघून या." मी आधी हातातला चहा संपवला. थोरला भाऊ गेल्यावर चहा संपवू नये, हे मलाही कळतं. पण सहा वर्षं धरून ठेवलेला राग एका निरोपाने उतरत नाही.

आमचे आबा जिनिंगचे फिटर. कापसाच्या हंगामात जळगाव, पारोळा, धुळे असं सगळं त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर व्हायचं. पुढे गाडी पडून राहिली, चाकं गंजून लाल झाली. आबा थकले तेव्हा त्यांनी एकच धोशा लावला... एकदा त्याच गाडीवर मागे बसून पारोळ्याला जायचं. ते भाऊकडे धुळ्याला असत. भाऊने दोन्ही चाकांचे स्पोक एकूण एक उपसले, रॉकेलमध्ये भिजवले आणि रिमा घासत बसला. स्पोक बांधून झाले की पान्याने एकेक वाजवायचा, बाजारात बाया मडकं वाजवून घेतात तसा. एक जरी बद वाजला, तरी अख्खं चाक पुन्हा मोकळं! मी जळगावहून एसटीच्या टपावर टाकून नव्या रिमा नेल्या. त्याने वरचा कागदही सोडला नाही.

ओट्यावरून आबा विचारायचे, "कव्हय व्हई रे भाऊ?"

"आते व्हईच गई, आबा. दोनच स्पोक बाकी शेतस."

ते दोन स्पोक दीड वर्ष पुरले. तोवर आबा थांबले नाहीत.

आबांच्या तेराव्यानंतर आठवड्याने, मी अजून धुळ्यालाच असताना, भाऊ गाडी चालवत घराच्या दारात आला. चाकं लखलखीत, तसूभर डुलत नव्हती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आता मागे कोणाला बसवतोस?" त्याने गाडी स्टँडवर लावली. पुन्हा कधी तिच्यावर बसला नाही, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलला. लागलं असेल तर बरंच झालं, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, अजूनही थोडं वाटतं.

परवा भाऊच्या मासिक श्राद्धाला धुळ्याला गेलो. वहिनी मला पडवीत घेऊन गेल्या. गाडी तिथेच होती, शेजारी माझ्या रिमा कागदातच. "दर शनवारले चाके पुशेत," वहिनी म्हणाल्या. "म्हनेत, नाना रुसेल शे... येई तव्हय त्याले मांगे बसाडीसन पारोळाले लई जासू."

खिळ्यावरचा पाना घेऊन मी एकेक स्पोक वाजवला. एकही बद वाजला नाही. मग मागच्या सीटवर बसलो. पुढे कोणी नव्हतं.