बोर चालत नाही

गेणूबुवा गेल्याची बातमी मला पाटोद्याच्या बाजारात कळली. बैलासाठी घुंगरू बघत होतो. आमच्या गावचा गाडीवान समोर येऊन म्हणाला, "रंगाभाऊ, बुवा गेले वो..." घुंगरू तसेच दुकानदाराच्या हातात देऊन मी निघालो. पोचलो तेव्हा माती द्यायची तयारी झाली होती. नगरकडून आलेले पाद्रीसाहेब नवे होते. कुणीतरी कानात सांगितलं तेच ते बोलले. हा निष्कलंक माणूस होता, धर्म बदलला म्हणून चुलतभावानं याचा छळ केला आणि यानं तो मुकाट सोसला. आमच्या ख्रिस्ती मंडळींनी माना डोलावल्या. खरं काय ते ठाऊक असून! तो चुलतभाऊ, निवृत्ती, कुंपणापाशी उभा होता. ऐकलं, आणि माती न देताच निघून गेला. कबरीपाशी भांडायचं नाही म्हणून मी गप्प राहिलो. आता गप्प राहणार नाही.

लोकांचा तो बुवा, माझा गेणूच. आमच्या मोगलाईत, निजामाच्या मुलखातल्या कडा गावाच्या आसपास, तो मिशनच्या नोकरीत ख्रिस्ती कीर्तनं करी आणि मी मागं मृदंग वाजवी. त्याच्या कीर्तनात संतांची पापंच जास्त. आंधळ्या बापाला फसवणारा याकोब, शेकोटीपाशी बसून आपल्या प्रभूलाच ओळख न देणारा पेत्र... एवढं रंगवून सांगायचा की ऐकणारे हसत. मी चिडायचो. "अरे, घरचं झाकायचं सोडून चव्हाट्यावर काय मांडतोस?" तो म्हणायचा, "समदी धुतल्या तांदळासारखी असती, तर तुज्यामाज्यासारख्यानं शास्त्र उघडलं असतं का बे?" दाविदाची कथा मात्र तो गोफणीपाशीच संपवी. पोरसवदा दाविदाच्या गोफणीनं राक्षस पडला की आरती. राजा झाल्यावरच्या दाविदाकडं तो तेव्हा कधी गेला नाही, आणि का, हे मला कळलं नाही.

गेणू आणि निवृत्ती यांची रानं शेजारी, मधे एक बांध, बांधावर बोरीचं झाड. गेणूनं बाप्तिस्मा घेतला त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. निवृत्ती चावडीवर ओरडायचा, "ती बोर बांधावर व्हती, आता ह्येच्या रानात कशी? चालत आली का?" लोक खो खो हसत. निवृत्ती दिसला की पोरं विचारत, "बोर कुठवर आली?" आम्हा सगळ्यांनाच वाटे की धर्माचा राग हा असा जमिनीवर काढतो. शेवटी तो तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथं आमच्या मंडळींनी एकमुखानं सांगितलं की हा धर्मापायी गेणूला छळतो, आणि उलट निवृत्तीलाच दम मिळाला. तो परत आला तो मान खाली घालून.

गेणूची भाकर त्या दिवसापासून ताटातच राहू लागली. एकदा मोटेवर आम्ही दोघंच होतो. बैल थांबवून तो म्हणाला, "रंगा, बोर चालत न्हाई."

"म्हंजे?"

"दर साली नांगरताना येक तास, नांगराची येक रेघ, पल्याड घेत गेलो. बांध मीच खाल्ला."

 मी त्याला समजावलं, गुपचूप देऊन टाक, बोलू नकोस. मिशनची नोकरी जाईल, आणि आपल्या लोकांचं नाक कापलं जाईल. तो म्हणाला, "गुपचूप दिला तर लोक म्हनतील, बुवा लई दयाळू. अन् निवृत्ती खोटा तो खोटाच ऱ्हाईल."

त्या आठवड्यात आमच्याच चावडीपुढं कीर्तन लागलं. निवृत्ती टवाळी करायला म्हणून मागं येऊन बसला होता. गेणूनं दाविदाला गोफणीच्या पुढं नेलं. राजानं आपल्याच शिपायाची बायको ओढली, त्या शिपायाला मारवलं आणि सगळं झाकलं. मग नाथान संदेष्टा आला आणि गोष्ट सांगू लागला. कळपाच्या धन्यानं गरिबाची एकुलती मेंढी कापली. राजा खवळला, कोण तो हरामखोर? नाथानानं बोट उचललं... इथं गेणू थांबला. माझाही हात थांबला. गेणूनं ते बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"त्यो मानूस मीच हाय. निवृत्ती, बोर चालत आली न्हाई रे. मी तिच्याकडं चालत गेलो."

कुणी हसलं नाही. निवृत्ती उठला आणि घरी गेला. मिशननं गेणूला कामावरून काढलं. आमच्यातल्या कित्येकांनी त्याला घरी बोलावणं सोडलं, शत्रूच्या हातात कोलीत दिलं म्हणाले. त्यानं बांध परत केला, कीर्तन मात्र सोडलं नाही. बिनपगारी करी, आणि दावीद सांगताना दरवेळी ते बोट छातीवर टेकवी. निवृत्ती पुढं कितीतरी सालं त्याच्याशी बोलला नाही. मी कुरकुर केली की गेणू म्हणे, "त्यानं बोलावं म्हनून थोडाच बांध दिला?"

आता मंडळींना कबरीवर दगड बसवायचाय, आणि त्यावर 'धर्मासाठी छळ सोसला' असं कोरायचंय. मी आडवा पडेन, पण ते कोरू देणार नाही. परवा रानात गेलो होतो. निवृत्ती बोरीखाली बसला होता. मला बघून म्हणाला, "त्यानं दिला व्हता माजा बांध. तुमी कबरीवर उभं ऱ्हाऊन पुन्ना खाल्ला का बे?"

मी खिशातून तोवर लिहिलेला हाच लेख काढला आणि तिथंच बसून त्याला वाचून दाखवला. त्याला वाचता येत नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग उठला, बोरीच्या बुडाशी असलेल्या हद्दीच्या दगडावर हात ठेवून उभा राहिला. म्हातारा रडत होता.

"येक ऱ्हायलं," तो म्हणाला. "बांध दिला तवा ह्यो दगड त्यानं सोता पाठीवर आनला. मी मदतीला गेलतो, तर हात लावू दिला न्हाई. ते बी लिव."

तेही लिहिलं.