खालच्या बाजूची पट्टी

मला घाण वासाची शिसारी फार लवकर येते. यात मिरवण्यासारखं काही नाही. याच शिसारीपायी एका बाईचा जबडा मोडला, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

जालन्यात मस्तगडाच्या बाजूला एका उस्तादांच्या हाताखाली मी फायबरचं काम शिकलो. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्यांना पडलेल्या चिरा, देवळांचे कळस, ट्रॅव्हल्स गाड्यांचे बंपर, असं सगळं आमच्याकडं यायचं. रेझिनचा डोक्यात जाणारा वास, काचेच्या धाग्यांची खाज, ग्राइंडरचा पांढरा भुगा, या सगळ्याची सवय झाली होती. कुजक्या वासाची मात्र कधीच झाली नाही. एखाद्या टाकीच्या तळाशी मेलेली पाल निघाली की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. उस्ताद ती हातानं उचलून टाकायचे आणि मला परत आत बोलवायचे.

एका उन्हाळ्यात शहागडचे एक मामा दुकानात आले. पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, गोदावरीत जाळं टाकून पोट भरणारे. कुठल्याशा तळ्यावरचं बोटिंग बंद पडलं होतं, तिथली जुनी फायबरची नाव त्यांनी घेतली होती. नाव चांगली होती, पण तिच्या पुढच्या टपावर, म्हणजे नाकाकडच्या वरून झाकलेल्या भागावर, दोर बांधायला काहीच नव्हतं. नदीला पाणी वाढलं की ट्रॅक्टरला दोर लावून नाव काठावर ओढून घ्यावी लागते, आणि सगळा भार त्या एका जागेवर येतो, असं त्यांनी सांगितलं. दोर गुंडाळायची दोन शिंगांची, वीतभर लांबीची स्टीलची खुंटी त्यांनी सोबतच आणली होती. ती टपावर पक्की बसवून पाहिजे होती.

उस्तादांनी मला समोर बसवून काम समजावलं. नावेचा टप वरून दगडासारखा दिसतो, पण तो आतून तसा नसतो. वर फायबरचा पातळ थर, खाली तसाच दुसरा, आणि मध्ये प्लायवूड. नुसते स्क्रू मारले तर ओढ बसल्यावर ते वरचा पापड घेऊनच निघतात. म्हणून बोल्ट आरपार घालायचे आणि टपाच्या खालून तळहाताहून मोठी स्टीलची पट्टी लावायची, म्हणजे भार पसरतो. त्याच्याही आधी भोकं मोठी पाडून ती घट्ट रेझिननं भरायची, आणि वाळल्यावर त्यातूनच पुन्हा बोल्टापुरती भोकं पाडायची. असं केलं की पाणी प्लायला शिवत नाही. एकदा पाणी प्लायमध्ये शिरलं की नाव आतून सडते आणि वरून काही कळत नाही.

पट्टी त्यांनी स्वतः कापली. चार भोकं पाडली, कडा घासून गोल केल्या आणि ती माझ्या पिशवीत टाकली. मोटारसायकलवर मी एकटाच शहागडला गेलो.

नाव पुलाच्या खालच्या अंगाला काठावर एका कुशीवर कलती ठेवली होती. मामा आणि त्यांच्या घरवालीनं ती माझ्यासाठी सरळ केली. टपाच्या खाली एक बंद कप्पा होता आणि त्यात शिरायला माझ्या खांद्यांएवढंच चौकोनी तोंड होतं. मी झाकण काढलं आणि दोन पावलं मागं सरलो. पूर्वीच्या मालकानं त्या कप्प्यात काय ठेवलं होतं कोण जाणे. तळाशी काळं, बुळबुळीत पाणी साचलं होतं, त्यावर खवल्यांची साय धरली होती आणि बाजूला जाळ्याचा एक तुकडा कुजून केसांच्या गुंत्यासारखा झाला होता. मामी म्हणाल्या की दोन बार धुतलं, तरी वास जात न्हाई. त्यांनी आणखी एक बादली आणून ओतली. मी नाकाला रुमाल बांधून डोकं आत घातलं. कानाच्या मागून काहीतरी गार, चिकट ओघळ मानेवर उतरला. मी तसाच बाहेर आलो आणि माती तोंडावर चोळावी इतकी किळस आली.

त्या कप्प्यात छातीपर्यंत शिरून, उताणं पडून तासभर काम करायचं होतं. मी नाही केलं.

मामा दोर आणायला गेले होते, मामी चुलीपाशी होत्या. टपावर खुंटी ठेवून मी वरूनच चार जाडजूड स्क्रू कसले आणि कडेनं सिलिकॉनची रेघ ओढून बोटानं साफ केली. दिसायला काम सुरेख झालं. मामांनी दोन्ही हातांनी खुंटीला हिसके देऊन पाहिलं आणि ते खूश झाले. मामींनी चहा आणून दिला. त्या चहालाही मला मासळीचा वास येऊन राह्यला होता. त्यांची पाठ वळल्यावर मी तो मातीत ओतला. उस्तादांची पट्टी मी नदीत टाकली. ती बुडाली त्या जागी गढूळ पाण्याचे बुडबुडे आले, एवढं आठवतं.

संध्याकाळी उस्तादांनी विचारलं, पट्टी बसली का. मी म्हटलं, बसली. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि शहागडला नदी फुगली. सकाळची वेळ. मामांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून नाव ओढायला घेतली. नायलॉनचा दोर ट्रॅक्टरपासून खुंटीपर्यंत ताणला होता. दोर दगडाला घासू नये म्हणून मामी काठावर, दोराच्या बाजूला उभ्या राहून तो काठीनं उचलून धरत होत्या. नावेचं बूड गाळात रुतलं. मामांनी ट्रॅक्टरला थोडा जोर दिला, आणि खुंटी टपाचा तुकडा घेऊन सुटली. ताणलेल्या दोरानं ती गोफणीसारखी फेकली. ती मामींच्या जबड्यावर बसली.

मामांचा फोन दुकानात आला तेव्हा उस्ताद कळसाचा साचा घासत होते. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला विचारलं, "पट्टी घातली होती ना?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यांनी साचा बाजूला सारला. हाताला लागलेलं रेझिन कापडानं पुसत राहिले. मंग म्हणाले, "वास मलाही येतो, बेटा."

त्यांना वास येतो हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

मामींना जालन्याला दवाखान्यात आणलं होतं. मी भेटायला गेलो. अर्धा चेहरा वांग्यासारखा काळानिळा सुजलेला, ओठ शिवलेला, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आणि रक्त मिळून पाझरत होतं आणि मामा मामींच्याच पदरानं ते पुसत होते. खोलीत औषधाचा आणि शिळ्या रक्ताचा वास होता. मी रुमाल काढून नाकाला लावला. आणि लावला म्हणून माझी मलाच अशी घाण वाटली, की तेवढी त्या कप्प्याचीही वाटली नव्हती.

मामा मला बाहेर घेऊन आले आणि माझीच माफी मागायला लागले. तुमचं काम चांगलं होतं, मीच ट्रॅक्टर जास्ती रेटला, माझ्याच हातानं झालं, असं म्हणत होते. रात्री झोप येत न्हाई म्हणाले. मी तिथंच खरं सांगायला हवं होतं. मी मान हलवली, आणलेली केळी त्यांच्या हातात दिली आणि निघून आलो. जबडा बांधलेल्या बाईसाठी मी केळी नेली होती.

महिन्याभरानं पाणी उतरलं. उस्ताद म्हणाले, आता तू जा आणि एकटाच जा. त्यांनी सामान काढून ठेवलं होतं, पट्टी मात्र ठेवली नव्हती. ती मी कापली.

नाव पुन्हा त्याच काठावर होती. खुंटी निघाली तिथं टपाला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं. मी कडेनं चौकोन कापला. माझ्या चार स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत शिरलं होतं आणि मधलं प्लायवूड ओल्या तंबाखूसारखं काळं झालं होतं. बोट घातलं की आरपार जायचं. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कप्प्याचं झाकण काढलं तर आतला वास पहिल्यापेक्षा वाईट, पुरातलं काहीतरी आत येऊन मेलं होतं. मी खराट्यानं, मग हातानं ते सगळं उपसलं. दोनदा बाजूला जाऊन ओकलो. मामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले, हसले नाहीत.

पहिला दिवस सडका भाग खरवडून वाळवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मी नवं प्लाय बसवलं, वरून-खालून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचे थर दिले, मोठी भोकं पाडून ती भरली. कप्प्यात उताणं पडून खालचा थर लावताना रेझिन तोंडावर टपकत होतं. दाढीत वाळलेलं रेझिन पुढं चार दिवस निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी बोल्ट घातले. वरून मामांनी पान्यानं बोल्टाचं डोकं धरलं आणि आतून मी पट्टी लावून नट फिरवत होतो. बोल्ट फिरला तर डोक्याखालचा सिलिकॉनचा सील तुटतो, म्हणून वरच्यानं फक्त धरायचं असतं. मामा अगदी घट्ट धरून होते. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते, टाचांना भेगा पडलेले.

तिथूनच मी सांगितलं. मागल्या वेळी पट्टी लावली नव्हती, आत शिरायची घाण वाटली म्हणून वरूनच स्क्रू मारले होते, तुमच्या ट्रॅक्टरची काही चूक नव्हती. त्या पोकळीत माझा आवाज मलाच परका वाटला.

वरचा पाना सैल झाला नाही. मामा म्हणाले, "चारी नट कसा. मंग हे तिला सांगा."

मामी घराच्या ओट्यावर जाळं शिवत बसल्या होत्या. तारा काढल्या होत्या, पण तोंड पुरतं उघडत नव्हतं आणि समोरचे दोन दात नव्हते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चहा ओतला तेही सांगितलं, कशाला ते मला आजही कळत नाही. त्यांनी ऐकलं आणि सुई जाळ्यात अडकवून ठेवली. ट्रॅक्टर आणा, असं त्या मामांना म्हणाल्या.

रेझिन अजून एक दिवस वाळू द्या, असं मी म्हणालो. ते त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव गाळात होती, दोर ट्रॅक्टरला आणि खुंटीला बांधला होता आणि मामा सीटवर बसले होते. मामी काठावर त्या दिवशीच्याच जागी गेल्या. तिथं मला बोलावून त्यांनी हातातली काठी दिली.

"इथं उभे राहा, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "दोर असा उचलून धरायचा."

स्वतः त्या दूर जाऊन बाभळीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गियर टाकला. दोर जमिनीवरून उठला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि तो माझ्या जबड्याच्या उंचीला येऊन बारीक आवाज करायला लागला. नाव हलेना. मामांनी जोर वाढवला. मला पळावंसं वाटलं. मी खुंटीकडं बघायचं टाळून मामींकडं बघत होतो. त्या मात्र खुंटीकडंच बघत होत्या. मंग गाळानं मोठा घाणेरडा मुका घेतल्यासारखा आवाज केला, नाव सुटली आणि घसरत काठावर आली.

मामी आल्या, वाकल्या, खुंटीच्या कडेला चारी बाजूंनी नख घालून पाहिलं. मंग कप्प्याचं झाकण उघडून आत हात घातला आणि खालची पट्टी चाचपली. "बराबर हाय," एवढंच म्हणाल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. मी हत्यारं गोळा केली आणि निघालो.

उस्तादांनी मला कामावरून काढलं नाही. मी काही बनवून ठेवलं की ते टॉर्च घेऊन खालून बघायचे, पुढं दोन वर्षं. पहिल्यांदा मला त्याचा राग यायचा. नंतर मीच टॉर्च त्यांच्या हातात द्यायला लागलो.

मागच्या चतुर्थीला मी राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेल्तो. रांगेत पुढं मामी दिसल्या, सोबत त्यांच्याच वयाची एक बाई. मामींनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा एका बाजूला थोडा आत गेलेला आहे, त्यामुळं त्या हसल्या की नाही ते नक्की सांगता येत नाही. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडं बोट करून शेजारच्या बाईला सांगितलं, "हाच तो."

ती बाई मला खालपासून वरपर्यंत बघायला लागली. मामी पुढं काहीतरी सांगत होत्या, पण घंटा वाजत होत्या आणि मला ऐकू आलं नाही. मी रांग सोडली नाही. तिथंच उभा राहिलो.