अनुभवी घर पाहिजे

फाटकापाशी गाडीचा आवाज आला की ती पाण्याच्या टाकीमागे जायची. तांदळाची पोती घेऊन येणारा टेम्पो असो, डॉक्टरांची स्कूटर असो, तिला सगळं सारखंच. तांबूस रंगाची, साधी गावठी कुत्री. एका बांधकामावर कुणीतरी तिला तारेनं बांधून ठेवलं होतं, त्याचा वळ गळ्याभोवती राहिला होता आणि तिथं पुन्हा केस आलेच नाहीत. कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या फळ्यावर तिचं एक चांगलं इंग्रजी नाव लिहिलेलं होतं. त्या नावाला तिनं कधी मान वळवली नाही. मी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे.

मी हिंगोलीकडची. आठवीतच शाळा सुटली. नवऱ्याला इथं लिफ्ट बसवायच्या कामावर घेतलं, म्हणून बेंगळुरूला आलो. मीही काम शोधायला लागले तेव्हा जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न एकच, अनुभव आहे का. स्वयंपाकाचा आहे म्हटलं की विचारायचे, कुणाच्या घरी केलाय? आता स्वतःच्या घरी केलेला कोण धरतं? शेल्टर चालवणाऱ्या अक्कांनी तेवढं विचारलं नाही. त्या इथल्याच, कन्नड बोलणाऱ्या. माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि राग आला की कन्नडमध्ये. पहिल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “कुत्र्याला घाबरतेस?” मी खरं सांगितलं, “थोडी घाबरते.” “चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “घाबरणारा माणूस हळू चालतो.” एवढ्यावर कामाला ठेवलं. ते उपकार मी अजून विसरले नाही.

काम म्हणजे मोठ्या पातेल्यात भात शिजवणं, त्यात कोंबडीचे पाय, भोपळा टाकणं, खोल्या धुणं. बाकीच्या खोल्या खराट्यानं होत. बाईच्या खोलीत खराटा नेता येत नव्हता. खराटा दिसला की ती तिथल्या तिथं मुतायची आणि भिंतीला इतकी चिकटायची की भिंत हलेल असं वाटावं. म्हणून तिची खोली मी बसून, फडक्यानं पुसायचे. संध्याकाळी बस धरताना गुडघे बोलायचे. पण असं पुसता पुसताच एक दिवस ती माझ्या पाठीमागे येऊन बसली, आणि पुढं माझ्या हातून भात खायला लागली. फक्त माझ्या हातून. सगळे कौतुक करायचे. मला मात्र घोर लागला. मी आजारी पडले तर? नवऱ्याचं काम दुसऱ्या गावी लागलं तर?

पहिलं घर मिळालं ते इंदिरानगरचं. पुण्याकडचं जोडपं, दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. माणसं खरंच चांगली होती. मराठी आहेत म्हटल्यावर मला तर माहेरचं कुणी आल्यासारखं झालं. पूर्वी घरी लॅब्राडॉर होता, त्यामुळे कुत्र्यांची सवय आहे, असं म्हणाले. शेल्टरची रीत अशी की ज्याच्या हातून कुत्रं खातं त्यानं नव्या घरी सोबत जायचं आणि ते तिथं पहिला घास खाईपर्यंत थांबायचं. म्हणून मी गेले.

लिफ्टचं दार उघडलं तर समोर सगळा मजला उभा. त्या जोडप्यातल्या मुलीची आई खास पुण्याहून आली होती. हातात ताट, निरांजन, कुंकू, भाकरतुकडा. दारापुढे रांगोळी. शेजारचे लोक मोबाइल वर धरून उभे. “आली गं, आली लक्ष्मी!” असं म्हणत त्या माउलीनं ओवाळायला सुरुवात केली आणि मागून कुणीतरी घंटी वाजवली. खरं सांगते, मला भरून आलं. माझ्या लग्नात इतकं मनापासून कुणी ओवाळलं नव्हतं. आणि माझ्या हातातला पट्टा एकदम ताठ झाला.

ती वॉशिंग मशिनच्या मागे गेली ती तिथंच राहिली. घास काही खाल्ला नाही. माझ्या हातूनही नाही. त्या लोकांनी खूप प्रयत्न केले, मशिनपुढे गादी टाकून झोपले, पण शेवटी तेच थकले. परत आणून सोडायला मुलीची आईही आली होती. डोळे पुसत म्हणाली, “आमच्यात नवा जीव घरात आला की ओवाळतात हो. आम्ही काय वाईट केलं?”

आमच्यातही ओवाळतात.

परत आल्यावर ती माझ्याकडेही पाठ करून बसायला लागली. अक्कांनी मला भाताच्या पातेल्यापाशी गाठून सांगितलं, “अजून एकदा पाठवेन. तिथूनही परत आली तर पुन्हा नाही. मग मरेपर्यंत इथंच.” इथंच म्हणजे काय ते मला रोज दिसत होतं. चहूबाजूंनी भुंकणं, येता-जाता गाड्या, आणि टाकीमागची ओली जागा. पुढचं घर शेवटचं, हे ठरलं.

अक्कांनी मोबाइलवर जाहिरात टाकली: ‘अनुभवी घर पाहिजे.’ घाबरणारं कुत्रं आधी सांभाळलेलं असेल त्यांनीच बोलावं. मराठी आणि हिंदी फोन माझ्याकडे.

“अनुभव म्हणजे काय हो? माझ्या मामांकडे पोपट होता.”

“ताई, नोकरीला अनुभव विचारतात, आता कुत्रं पाळायलापण? आम्ही फ्रेशरनी काय करायचं?”

“घाबरते ना? आमच्या धाकट्याकडे द्या. दोन दिवसांत सरळ करतो तो.”

हे शेवटचे गृहस्थ बोलत असताना मी फोन कानापासून लांब धरला होता. बोलून बोलून तोंड दुखायचं. आणि मनात एक ओशाळलेपण असायचं ते वेगळंच. स्वतः अनुभव नसताना कामाला लागलेली बाई आता लोकांना अनुभव विचारत होती.

थंडी सुरू झाली तेव्हा बसवनगुडीहून फोन आला. बायकी आवाज, वयस्कर, तुटक. मराठी कळत होतं पण आमच्याकडचं नव्हतं.

“आम्ही इथलेच. किती पिढ्या ते मला विचारू नको, मलाच ठाऊक नाही. फोटो पाठवू नको. फोटोत सगळीच चांगली दिसतात. ती कशाकशाला घाबरते ते सांग.”

मी सांगत बसले. खराटा, चपलांचा आवाज, गाडी, घंटी, वर उचललेला हात, मोबाइल. त्यांनी मध्ये एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही.

“सरी, बरं. आणि कशाला घाबरत नाही?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “भांड्यांच्या आवाजाला नाही घाबरत,” मी म्हटलं. “भात शिजत असला की चुलीच्या बाजूला नाक काढते.”

“मग स्वयंपाकघरापासून सुरू करू,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आल्या त्या रिक्षा फाटकापासून बरीच लांब सोडून, चालत, पायात कापडी चपला. हातात भली मोठी पिशवी. मला वाटलं कुत्र्यांना बिस्किटं आणली. पिशवीत अवरेकाई होती. हिवाळ्यात इथं रस्त्यारस्त्यावर ढीग लागतात त्या वालाच्या शेंगा. बोटांना तेलकट वास राहतो. त्या मावशींनी बाईच्या खोलीपुढे चटई टाकली, तिच्याकडे पाठ करून बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. झाल्यावर पिशवी उचलली आणि गेल्या. कुत्रीकडे एकदाही बघितलं नाही.

अक्का मला म्हणाल्या, “या कुत्रं बघायला आल्या होत्या की भाजी निवडायला?”

पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. हळूहळू बोलायला लागल्या. बँकेत होत्या, निवृत्त झाल्या, मालक गेले, मुलगा बाहेर. घाबरणारी दोन कुत्री आजवर सांभाळली, एकामागून एक. “पहिलीनं मला शिकवलं,” त्या म्हणाल्या, “आणि दुसरीनं ते सगळं खोटं ठरवलं. म्हणून आता मला काही येतं असं मी धरत नाही.”

“मग अनुभव कसला, मावशी?” मला राहवलं नाही.

“घाई न करण्याचा. स्वल्प सरक, उजेड अडवतेस.”

एका गुरुवारी बाई खोलीच्या दारापर्यंत आली. मान लांब केली, मावशींच्या मागच्या ढिगातलं एक टरफल ओढलं आणि आत पळाली. मी जवळजवळ ओरडलेच, “मावशी, बघितलंत?”

“तू बघ. मी नाही बघत.” हात चालूच. “आणि तू हे सारखं ‘बाई गं, बाई गं’ करतेस ना, ते कमी कर. तुझ्या आवाजात काळजी असते. तिला वाटतं, ही एवढी काळजी करते म्हणजे काहीतरी होणारच आहे.”

लागलं मला. खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. नवरा तेच म्हणतो, फक्त जरा वाईट शब्दांत.

न्यायच्या दिवशी मी घरून भाकरतुकडा रुमालात बांधून आणला होता. निरांजन नाही, घंटी नाही, नुसता तुकडा तरी तिच्यावरून उतरून टाकावा. मागच्या वेळचं लागलेलं कुणाचं काही असेल तर जाईल. अक्का गाडी चालवत होत्या, मी मागे बाईपाशी खाली बसले होते. मावशींनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या दारानं यायचं नाही. मागच्या बोळातून, कपडे धुवायच्या दगडाकडच्या दारानं. दारात कुणी नव्हतं. मावशी आत कुकर लावत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

“हातात काय आहे?” त्यांना मागूनही दिसत असावं.

“भाकरतुकडा. नुसता ओवाळून टाकते, मावशी. आवाज नाही करत.”

“तो तिकडे दगडावर ठेव. ती झोपली की मला ओवाळ. तिच्यापेक्षा मला गरज आहे.”

मी ठेवला. कावळ्यानं नेला.

बाई ओट्याखाली शिरली, तांदळाच्या डब्याच्या मागे. मी फरशीवर बसले, भाताची वाटी पुढं धरली. शिट्ट्या झाल्या, ती दचकली नाही. पण खातही नव्हती. वाटीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग दाराकडे. तांदळाच्या डब्यावर उन्हाचा पट्टा होता, तो सरकत सरकत भिंतीवर गेला. बोळात अक्कांनी एकदा हॉर्न दिला आणि लगेच बंद केला, बहुतेक स्वतःवरच चिडून. माझे पाय बधिर झाले होते. मनात एकच चाललं होतं, हिनं खाल्लं नाही तर परत, आणि परत म्हणजे टाकीमागे कायमची.

मावशींनी कुकर उतरवला. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “ती तुझ्यासाठी थांबलीय. तू आहेस तोवर तिला वाटतंय की परत जायचंय. तू जा.”

“पण तिनं घास खाल्ला नाही. आमच्यात रीत आहे, पहिला घास—”

“ठाऊक आहे. रीत चांगली आहे. तू जा.”

“ती फक्त माझ्या हातून खाते, मावशी.”

“म्हणूनच.”

मी उठले. उठताना ओट्याचा आधार घ्यावा लागला. मावशी म्हणाल्या, “तिची खोली पुसायचं तुझं ते फडकं आणलंयस का?” ते माझ्या पिशवीत होतंच, ते नेहमी असतं. “ते तिच्याजवळ टाक. आणि दारात थांबून बघू नको.”

नाही बघितलं. त्या दिवशी केलेलं सगळ्यांत जड काम तेच.

गाडीत अक्कांनी विचारलं, “खाल्लं?”

“नाही.”

“मग तू निघून आलीस कशी?”

“मावशी म्हणाल्या, जा.”

सिग्नलला गाडी बराच वेळ उभी होती. अक्का स्टीअरिंगवर बोट वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, “सरी.” त्यात राग होता की होकार, मला कळलं नाही, आणि विचारायची ताकद नव्हती.

पुढचे दिवस मी फोन पदरालाच बांधल्यासारखा फिरवत होते. वाजला की आधी नंबर बघायचे. आपणच लावावा तर मावशी रागावतील. अक्का म्हणाल्या, तिची खोली रिकामी आहे, एक पिलावळ आलीय, तिथं घालू. मी म्हटलं, “थांबा ना अक्का थोडं.” त्या थांबल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्या कधीच विचारत नाहीत, आणि त्यामुळे माझ्यावरचे उपकार वाढतच जातात.

एका दुपारी मी भात ढवळत असताना बसवनगुडीचा नंबर दिसला. हात पुसायचंही सुचलं नाही.

“अवरे संपली,” मावशी म्हणाल्या.

“काय झालं? ती बरी आहे ना? मी येऊ का न्यायला?”

“अगं, ऐक तरी. बाजारातली अवरे संपली. सीझन गेला. मी दुपारी सोलायला बसते तिथं ही येऊन बसते. माझ्या गुडघ्याला टेकून. आता शेंगा नाहीत तर रिकामी चटई बघते आणि मग माझ्याकडे बघते. कालपासून हेच चाललंय. आता मी काय सोलू?”

भात खाली लागायला लागला होता.

“मटार सोला, मावशी.”

“ही मटार सगळे खाऊन टाकेल.”

“खाते?” मी विचारलं. “तुमच्या हातून?”

“हातून, वाटीतून, फरशीवरून. पहिल्या रात्री नाही खाल्लं. सकाळी उठले तर वाटी रिकामी आणि तुझ्या फडक्याचं एक टोकपण गायब. चल, मटार आणते. ठेवते.”

मी अक्कांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चष्मा काढला, पुसला. “मग खोली धुऊन घे,” म्हणाल्या. “पिलं तेव्हापासून खोक्यातच आहेत.”

मी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि त्या खोलीत गेले. किती दिवसांनी तिथं उभ्यानं झाडलं.