नातीची दुसरी पाचवी

२०२३ साल. माझं वय त्र्याहत्तर. त्या वर्षी माझ्या नातीला दुसऱ्यांदा पाचवीत बसवलं. ती नापास झाली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात काही जण अजून वेगळंच सांगतात.

झालं असं. घाटावर एक मोठी निवासी शाळा आहे. राहणं, जेवणखाण, अभ्यास सगळं तिथेच. घेतात सहावीपासून, आणि त्याची परीक्षा द्यायची तर पोर पाचवीतच शिकत असावं लागतं. आमची बसली परीक्षेला. थोडक्यात राहिली. वेटिंगच्या यादीत नाव आलं आणि तिथेच सुकलं.

मुलगा मुंबईला, सूनही नोकरी करते. पोरगी बालवाडीपासून इथे पूर्णगडला माझ्याजवळ. माझी बायको ती यायच्या आधीच गेली. म्हणजे घरात माणसं दोनच. मुलाने मुंबईहून फोनवर ठरवून टाकलं, तिला परत पाचवीतच ठेवायची आणि परीक्षा पुन्हा द्यायची.

मी म्हटलं, "पास झालेल्या पोरीला मागे बसवतोस? लोक काय समजतील?"

"लोकांचं सोडा हो बाबा. सगळे असंच करतात आता. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

मी फोन खाली ठेवला. त्यानंतर त्याचा फोन वाजला की उचलून सरळ तिच्या हातात द्यायचो.

कळायचं नाही म्हणे! मला पुरतं कळत होतं. तिसरीत असताना माझा आजा मला मोसमभर होडीवर घेऊन गेला. परत आलो तर मास्तर म्हणाले, तू पुन्हा तिसरीतच बस, त्या शेंबड्यांच्या रांगेत. मी पाटी उचलली, मास्तरांच्या देखत उठलो आणि घरी आलो. परत गेलो नाही. पुढे खलाशी झालो, मग तांडेल झालो. माझ्या शब्दावर होडी निघायची आणि माझ्या शब्दावर परतायची. वाचता येतं, लिहिताना हात जड चालतो. पण कुणापुढे मान खाली घातली नाही. त्याचं मला आजही काही वाईट वाटत नाही.

तर आमच्या शाळेत पोरं कमी. पाचवी आणि सहावी एकाच खोलीत, बाई पण एकच. खिडकीकडे सहावी, दाराकडे पाचवी. जूनमध्ये तिच्या मैत्रिणी उठून खिडकीकडे गेल्या आणि ही दाराकडेच राहिली. सुरुवातीला त्या डबा खायला तिला बोलवायच्या. मग त्यांचे धडे वेगळे, गृहपाठ वेगळा, हसणं पण वेगळं. बोलवायच्या राहिल्या. भांडण वगैरे काही नाही. भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी प्रश्न विचारला की हिचा हात वर. मागल्या वर्षीचं सगळं तोंडपाठ. तेव्हा बाई एकदा म्हणाल्या, "तू नको गं, तुला येतंच. बाकीच्यांना सांगू दे." त्या दिवसापासून हिने हात वर करायचा सोडला, आणि घरी बोलायचं पण.

आधी तिचं तोंड मिटायचं नाही. मी ओरडायचो, गप बस जरा, बातम्या ऐकू दे. आता पडवीत मी जाळं विणत बसायचो, ती पुस्तक मांडीवर घेऊन. पान उलटल्याचा आवाज येत नसे. मी विचारायचो, "बाय, भूक लागली?" ती म्हणायची, "नाही." एवढंच. दोन माणसं असून घर रिकामं कसं वाटतं, ते मी त्या वर्षी पाहिलं.

जेटीवर तर मंडळी टपलेलीच.

"काय वो तांडेल, नात पाचवीतच हाय का अजून? बरा झाला, पुस्तकांचा खर्च वाचला!"

"तुज्या पोराने बारावी तीनदा केलीन ना? त्याची पुस्तकं दे धाडून. कोरीच असतील."

हसले सगळे. मी पण हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून जेटीचा रस्ता टाकला आणि वरच्या कातळावरून जाऊ लागलो. लांब पडतं, पण वाटेत कुणी भेटत नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिने दप्तर कोपऱ्यात टाकलं.

"उद्यापासून मी जाणार नाही."

"का गो?"

"तुम्ही नाही का उठून आलात? तिसरीतून? तुम्हीच सांगता सगळ्यांना."

खोटं कसं म्हणू? मी म्हटलं, "मला जायला होडी होती आज्याची. तू उठून कुठे जाशील?"

"कुठे म्हणजे? इथेच. तुमच्याजवळ."

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. ही परीक्षा बुडाली असती, मग जूनपासून पुन्हा इथेच सातवीपर्यंत शिकली असती, मग हायस्कूल पण एसटीने. माझं उरलेलं आयुष्य निभावलं असतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. मी बरंही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून चुलीकडे गेलो.

आज ती घाटावर आहे. रविवारी फोन येतो. तिच्या मागे पोरींची रांग असते, "आटप गं" असं मला इकडे ऐकू येतं. ती विचारते, "जेवलात?" मी म्हणतो, "जेवलो." मग दुसरी कुणीतरी फोन घेते. आठवडाभर घरात माझाच खोकला. मी कुणाकडे तक्रार केलेली नाही, करणार पण नाही.

तिने दप्तर टाकलं त्या दिवसाचं राहिलं सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोधडीतून बाहेर येईना. मी पेज केली, झाकून तिच्या उशाशी ठेवली. कोपऱ्यातलं दप्तर उचललं, गुलाबी, वर कसलीशी परी काढलेली, आणि खांद्याला लावून बाहेर पडलो. कातळावरून नाही. जेटीवरून. होड्या नुकत्याच लागत होत्या, सगळेच होते तिथे.

"काय वो तांडेल, तुमी कितवीत?"

"पाचवीत," मी म्हटलं आणि चालत राहिलो.

जेटी मागे पडली तेव्हा मागून पळत येणाऱ्या चपला वाजल्या. केस न विंचरलेले, ओठाला पेज लागलेली.

"द्या ते, आजोबा. लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं, आणि शाळेच्या दारापर्यंत दप्तर काही तिच्या हातात दिलं नाही.