मी विचारलं का?

हसू आलं की ती दोन बोटांनी तोंडाचे कोपरे दाबून धरायची. "काकू, विनोद नका ना करू. ओठ फुटतात की!"

टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. गालांवर, हनुवटीवर गाठींसारखे दुखरे मुरूम. झोपेत कूस बदलली तरी कळ यायची म्हणे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी कॅप्सूल सुरू केल्या. त्या कॅप्सूलनी ओठ कोरडे पडायचे, ऊन सोसायचं नाही. आणि ऊन तर आपल्या सोलापूरचं! शेंगाचटणी झोंबते म्हणून बिचारी रोज दहीभात आणायची.

तुम्हीही पाहिलं असेल, मुलीच्या तोंडावर मुरूम दिसले की ज्याला त्याला वैद्यकी सुचते. मुलतानी माती लाव, तेलकट सोड, पोट साफ ठेव. तिचं उत्तर ठरलेलं, "मी विचारलं का?"

सगळ्यात जास्त सल्ले आमच्या सीनियर बाईंचे. कुर्डुवाडीच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलाची मावशी नेमकी या बाईंच्या गल्लीतली. बाईंनी मावशीच्या कानावर घातलं, "पोरगी कसल्या तरी गोळ्या खातीय. मूलबाळ व्हायचं न्हाय." लग्न मोडलं.

कळलं तेव्हा मी रागानं समोरची फाइल आपटली. ती मात्र सरळ उठली आणि डबा खात बसलेल्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"औषध चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, बाळाला धोका असतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय मला. त्यानंतर मूल व्हायला काही अडचण नाही. तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"अगं, काळजीपोटी बोलले मी..."

"काळजी होती तर मला विचारायचं. मी हितंच बसते की, चार हातांवर!"

बाईंनी घास तोंडात घातला.

काही महिन्यांनी कोर्स संपला. चेहरा निवळला, थोडे खड्डे राहिले. मग मुलाकडचे पुन्हा आले. "झालं गेलं विसरा," मावशी म्हणाली. तिचे वडील हो म्हणायच्या बेतात होते. तिनं मुलालाच विचारलं, "तेव्हा मला एक फोन का नाही केलात?" तो आईकडे बघायला लागला. "मग मला नाही करायचं," म्हणून ती चहाचे कप उचलून आत गेली.

हे सांगताना ती शांत होती. संताप माझाच व्हायचा, अजून होतो.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तिनं टेबलाटेबलावर पेढे वाटले. बाईंनी हात पुढे केला. ती त्यांच्या खुर्चीला वळसा घालून शिपायाकडे गेली. बाईंचा हात तसाच उघडा राहिला, आणि ऑफिसातलं कुणीही आपला पेढा त्यावर ठेवला नाही.