सील न फोडलेल्या गोष्टी

माझ्या कपाटात लोकप्रिय लेखकांच्या कथांच्या सचित्र, संग्राह्य आवृत्त्या आहेत. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आत रंगीत चित्रं. म्हणजे, चित्रं आहेत असं म्हणतात. मी पाहिलेली नाहीत. वरचं प्लास्टिक फाडलं की पुस्तक नासलं, असा आम्हा संग्राहकांचा हिशेब. मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे लोकांनी मला वाचणारा माणूस समजलं आणि मी समजू दिलं.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात अशाच एका आवृत्तीवर बोलायला मला बोलावलं. मी मागच्या कव्हरवरचा मजकूर पाठ करून गेलो आणि शेवटी, "इथे चित्र आणि कथा वेगळी काढताच येत नाहीत," असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी त्या पुस्तकाच्या चित्रकार बाई जवळ आल्या. वणीच्या शाळेत चित्रकला शिकवतात.

"छान बोललात, सर. विहिरीच्या गोष्टीतलं चित्र कसं वाटलं?"

"अप्रतिम. त्या पाण्याची खोली..."

"तिथे पाणी नाहीये, सर. लग्नाची पंगत आहे. जिलबी वाढतायत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

छापताना दोन गोष्टींच्या चित्रांची अदलाबदल झाली होती. माणूस विहिरीत उडी घेतो तिथे जिलबी, आणि लग्नाच्या गोष्टीत काळी विहीर. बाईंनी प्रकाशकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एकाही वाचकाची तक्रार नाही, मॅडम. आली तर पुढच्या छपाईत बदलू."

"त्या विहिरीवर माझा आख्खा उन्हाळा गेलाय," बाई म्हणाल्या. "मला एक वाचक हवाय, सर. एकच. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

हा टोमणा मला लागायलाच हवा होता. मी म्हटलं, "मी लिहितो."

घरी येऊन कात्री घेतली. बायको म्हणाली, "अहो, बरं वाटत नाहीये का?" प्लास्टिक फाडलं, दोन्ही गोष्टी वाचल्या. विहीर खरोखर अंगावर येत होती. नवरा-नवरीच्या थट्टामस्करीशेजारी तर फारच. प्रकाशकांना तक्रार पाठवली आणि आणखी चार जण लिहितील म्हणून तीच आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

पहिलं उत्तर आलं, "सील फोडलंत???"

दुसरं, "लय भारी! चुकीची छपाई म्हणजे दुर्मीळ प्रत, भाऊ. कोणी उघडू नका."

मग एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "दुरुस्ती करू नका, अशी प्रकाशकांना विनंती करू. दुरुस्त छपाई आली की आपल्या प्रती सदोष ठरतील. भाव टिकला पाहिजे."

विनंतीखाली भराभर नावं पडत गेली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आख्खा ग्रुप. प्रकाशकांनी बहुमताचा मान राखला. नव्या छपाईतही तो माणूस उडी घेतो आणि समोर जिलबीच वाढली जाते.

बाईंचा फोन आला. "राहू द्या, सर. तुम्ही तरी वाचलंत ना?"

"वाचलं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. पण ती नावं पडत असताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते त्यांना सांगायची छाती झाली नाही. इथे सांगतो. विहिरीचा विचार नव्हताच. कात्री लावायला दोन दिवस थांबलो असतो तर, एवढाच होता.