गवतातला साप आणि आमची सुमन

सुमन गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये कॉफी घेत होतो. मुलगा खाली आला आणि नुसता उभा राहिला... मला कळलं. घरी पोचलो तर शेजारचा डेल आमच्या अंगणात रडत उभा. मी अजून रडलोही नव्हतो. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला.

मी शिकलेला माणूस नाही. नागपूरला बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. रिटायर झालो तसं मुलाने आम्हा नवराबायकोला इथे अमेरिकेत नेपरव्हिलला आणलं. मी टीव्हीसमोर बसलो, आणि सुमनने गावाबाहेरचं गवत धरलं. प्रेअरी म्हणतात त्याला. माणूस उभा बुडेल एवढं उंच. डेल दर शनिवारी तिथे तण उपटायला जायचा, तो हिलाही गाडीतून न्यायला लागला. हिचं इंग्रजी माझ्याहून तोकडं, तरी परत आली की तोंड मिटायचं नाही.

एकदा गॅरेजजवळ पाचोळ्यात खडखड ऐकू आली. पिवळट अंगावर तपकिरी डाग, तांबूस डोकं. मी फावडं उचललं तशी ही मध्ये येऊन उभी राहिली. "अहो, थांबा. फॉक्स स्नेक आहे तो, बिनविषारी. इथल्या विषारी सापासारखा शेपटीला खुळखुळा नाही, डोळ्याची बाहुली गोल आहे. शेपूट आपटतोय म्हणून पाला वाजतोय. भ्यालाय बिचारा."

"तुला कोणी सांगितलं?"

"डेलने."

साप वाचला. जळलो मी.

मग जेवतानाही तेच. आपल्या धामणीसारखाच उंदीर खातो, कुजक्या ओंडक्यात अंडी घालतो, थंडीत जमिनीखाली जातो. धरला की घाण वास सोडतो. तो वास हाताला घेऊन ही हसत घरी यायची. मी ऑइलचा वास घेऊन यायचो तेव्हा मला आधी मोरीत पिटाळायची... नागपंचमीला माती खणायची नाही म्हणून हिने डेललाही खुरपं खाली ठेवायला लावलं, आणि त्याने ठेवलं. माझं तो गाडी कुठे लावावी एवढंही ऐकत नाही.

गेल्या शनिवारी तो मला तिथे घेऊन गेला. सापांना आसरा म्हणून जमिनीवर टाकलेला पत्रा उचलला, खाली तसलाच साप वेटोळं करून बसलेला. डेल हळूहळू म्हणाला, सुमन नेहमी सांगायची, शंकररावांचे हात फिटरचे आहेत, ते याला न दुखवता उचलतील.

सुमनने माझं नाव एकदाच घेतलं, लग्नात उखाण्यात, आणि तेव्हा बँड एवढा वाजत होता की मला ऐकू आलं नाही. पुढे जन्मभर 'अहो'. आता इंग्रजीत 'अहो' कुठून आणणार? म्हणून याच्यापुढे तिने माझं नाव घेतलं. मी नाही, या गोऱ्याने ते ऐकलं.

"कसं म्हणायची?" मी विचारलं.

त्याने म्हणून दाखवलं. शेवटचा 'राव' जरा लांबवून, खालच्या आवाजात... तिचाच आवाज तो.

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.